मिशन क्षेत्रातून कायमचं परतताना: कुठलं काम आधी, कुठलं नंतर

सेवाक्षेत्रात जाण्याआधी मिशनरी कुटुंबाची महिनोन्‌महिने तयारी चालते: भाषा, लसी, प्रशिक्षण, निधी. परत येताना तयारी होते ती फक्त सामानाची. आपल्याच घरी तर चाललोय, अशी सगळ्यांची समजूत असते. मग उतरल्यावर पुढच्याच रविवारी मंडळीसमोर (आपल्या चर्चच्या लोकांसमोर) अहवाल, त्यानंतर सभांमागून सभा, डॉक्टर सवड मिळेल तेव्हा, मुलांची शाळा कशीबशी, आणि या दमछाकीतच 'पुढे काय' याचा निर्णय. चुकतं ते इथेच. कामं सगळी बरोबर असतात, क्रम उलटा असतो.

हा लेख बरीच वर्षं बाहेर काढून कायमच्या परतणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. काही महिन्यांच्या रजेवर येणाऱ्यांनी टप्पा ३, ५ आणि ७ वाचले तरी पुरे.

टप्पा १: निघण्याआधी सहा महिने, कागदपत्रं

तिथे राहत असताना एका फेरीत मिळणारा कागद परतल्यावर वर्षभर पत्रव्यवहार करूनही हाती येत नाही. म्हणून हे पहिलं.

१. पोलिसांचा चारित्र्य दाखला, मोठ्या माणसांपैकी प्रत्येकाचा. शाळा, शुश्रूषा, मंडळीतलं मुलांचं काम, अशा कुठल्याही जागेसाठी पुढे तो मागितला जाऊ शकतो. काही देशांत त्यासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात, आणि ते तिथे असतानाच देणं सोपं.

२. तिथे जन्मलेल्या मुलांचे जन्मदाखले, दोन-तीन प्रमाणित प्रती. दोन्ही देश १९६१ च्या हेग करारात असतील तर त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं त्या देशाचं अधिकृत प्रमाणपत्र, करून घ्या. नसतील तर वकिलातीकडून साक्षांकन. मुलाचं मायदेशाचं नागरिकत्व अजून नोंदवलेलं नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते. दत्तक मूल असेल तर न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत.

३. शाळेचे कागद. नुसतं गुणपत्रक पुरत नाही. कोणत्या विषयात काय शिकवलं, कोणती पुस्तकं वापरली, याची यादी आणि वर्गशिक्षकांचं पत्र घ्या. घरीच शिकवलं असेल तर प्रत्येक विषयाच्या वह्यांचे नमुने ठेवा.

४. लसींच्या नोंदी आणि आजारपणाचे कागद: कोणाला कधी हिवताप झाला, कोणतं औषध दिलं, किती दिवस. पीतज्वराच्या लसीचं कार्ड टाकून देऊ नका. २०१६ च्या जुलैपासून ते आयुष्यभर ग्राह्य धरलं जातं.

५. गाडीच्या विमा कंपनीकडून किती वर्षं दावा केला नाही याचं पत्र. बँक खातं मात्र शेवटपर्यंत बंद करू नका. घराची अनामत, वीजबिलाचा परतावा हे पैसे तुम्ही निघून गेल्यावरच जमा होतात.

६. कुत्रा-मांजर आणणार असाल तर आजच चौकशी करा. उदाहरणार्थ, युरोपीय संघात अनेक देशांतून प्राणी नेताना रेबीजच्या लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी आणि ती योग्य आल्यावर नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबणं बंधनकारक आहे. शेवटच्या महिन्यात हे कळलं तर प्राणी मागेच राहतो, आणि मुलांच्या मनात ते फार काळ खुपत राहतं.

तपासा: मूळ कागद विमानात हातातल्या पिशवीत आहेत का? स्कॅन दोन वेगळ्या ठिकाणी आहेत का? मोठ्या सामानात घातलेला एकही मूळ कागद नसावा.

टप्पा २: शेवटचे दोन-तीन महिने, निरोप

परदेशात वाढणाऱ्या मुलांसोबत आयुष्यभर काम केलेल्या डेव्हिड पोलॉक यांनी निरोपाचा चार भागांचा क्रम सांगितला. चार भागांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून त्याला राफ्ट म्हणतात आणि मिशन संस्थांच्या प्रशिक्षणात तो आजही शिकवला जातो. क्रम असा: आधी समेट, मग कृतज्ञता बोलून दाखवणं, मग निरोप, आणि शेवटी पुढच्या जागेचा विचार. बहुतेक जण तिसऱ्यापासून सुरुवात करतात, कारण निरोप समारंभ दुसरं कोणीतरी आयोजित करतं आणि आपल्याला फक्त जायचं असतं.

समेट मात्र स्वतः उठून करावा लागतो. सहकाऱ्याशी वर्षापूर्वी झालेला वाद, स्थानिक पाळकांशी पैशांवरून आलेला दुरावा, कामावरच्या माणसाला रागाच्या भरात बोललेला शब्द. 'आता जायचंच आहे, कशाला उकरायचं' हा विचार येणारच. पण न मिटलेलं भांडण तुमच्याबरोबर विमानात बसतं, आणि तिकडे ते मिटवायला समोर माणूस नसतो. समोरचा माणूस तयार नसेल तर तुमच्या बाजूने जे म्हणायचं ते म्हणा आणि तिथे थांबा.

मुलांसाठी निरोप म्हणजे फक्त माणसं नव्हेत. झाड, गच्ची, सायकल, शाळेची वाट, दुकानदार, कुत्रा. कोणत्या जागांना आणि कोणाला भेटून यायचं याची यादी मुलांना स्वतः करू द्या आणि शेवटच्या आठवड्याआधी ती पूर्ण करा. शेवटचा आठवडा सामान आणि कचेऱ्यांच्या चकरा खाऊन टाकतात. प्रत्येक मुलाने स्वतः निवडलेली एक वस्तू सामानात येईल, ती कितीही बोजड वाटली तरी. 'तिकडे नवीन घेऊ' हे वाक्य घरात बोलायचं नाही.

इशारा: 'लवकरच परत भेटायला येऊ' असं वचन मुलांना किंवा तिथल्या लोकांना देऊ नका, तारीख आणि पैसे ठरलेले नसतील तर अजिबातच नाही.

याच काळात देणगीदारांचा प्रश्न सोडवा. दरमहा मदत पाठवणाऱ्या व्यक्ती आणि मंडळ्यांना सेवा कधी संपते आहे आणि त्यांची मदत कोणत्या महिन्यापर्यंत हवी आहे हे स्पष्ट कळवा. परतल्यानंतरच्या काही महिन्यांचा खर्च कोण उचलणार, हे संस्थेकडून लेखी घ्या. ही बोलणी अवघड वाटतात म्हणून लोक टाळतात, आणि मग पहिल्याच महिन्यात घरभाड्यासाठी सभांच्या देणगीवर अवलंबून राहावं लागतं. उतरल्या उतरल्या सभा घेण्याचं खरं कारण बऱ्याचदा हेच असतं.

शक्य असेल तर दोन्ही देशांच्या मध्ये कुठेतरी चार-पाच दिवस थांबा. ओळखीचं कोणी नाही, कार्यक्रम नाही, फक्त झोप. परवडत नसेल तर सोडून द्या; पहिल्या आठवड्यात कोणाला न भेटण्याची व्यवस्था केली तरी काम भागतं.

टप्पा ३: उतरल्यावर पहिले दोन आठवडे, शरीर

हा टप्पा सर्वात जास्त पुढे ढकलला जातो. 'आम्हाला काही होत नाहीये' हे तपासणी टाळण्याचं कारण होऊ शकत नाही, कारण यातले काही आजार वर्षानुवर्षं गप्प बसतात.

१. उष्णदेशीय आजारांची माहिती असलेल्या डॉक्टरांची वेळ निघण्याआधीच घेऊन ठेवा. नेहमीच्या डॉक्टरांकडे जात असाल तर कुठे राहिलात, कोणतं पाणी प्यायलात, तळ्यात पोहलात का, अनवाणी चाललात का, हे एका पानावर लिहून न्या.

२. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या घेत असाल तर विमानात बसलात म्हणून बंद करू नका. डॉक्सिसायक्लिन आणि मेफ्लोक्विन परतल्यावर चार आठवडे, अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस चालू ठेवायच्या असतात.

३. विष्ठेची तपासणी आणि रक्तातल्या पेशींची मोजणी सगळ्यांची, मुलांचीही. इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी वाढलेल्या असतील तर कृमींचा शोध घ्यायला सांगा.

४. स्ट्रॉंगिलॉइड्स हा कृमी मातीतून पायाच्या त्वचेवाटे शिरतो आणि उपचार झाला नाही तर काही दशकं शरीरात राहू शकतो. नंतर कधी दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टिरॉइड दिलं गेलं तर तो शरीरभर पसरून जीवावर बेततो. याची रक्ततपासणी नाव घेऊन मागा.

५. आफ्रिकेतल्या तळ्यांत किंवा नद्यांत उतरला असाल तर शिस्टोसोमा या पाण्यातून त्वचेवाटे शिरणाऱ्या कृमीची तपासणी. ती शेवटच्या संपर्कानंतर साधारण तीन महिन्यांनी करावी, आधी केली तर चुकून नकारात्मक येऊ शकते.

६. क्षयाची तपासणी परतल्यावर आठ ते दहा आठवड्यांनी. बीसीजी घेतलेली असेल तर त्वचेवरच्या चाचणीपेक्षा रक्ताची चाचणी अधिक भरवशाची.

७. दात आणि डोळे. यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त करा.

इशारा: परतल्यानंतर वर्षभरात कोणालाही ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि पहिल्याच वाक्यात 'आम्ही हिवतापाच्या भागातून आलो आहोत' हे सांगा. ते विचारतील याची वाट पाहू नका. व्हायव्हॅक्स आणि ओव्हेल प्रकारचे जंतू यकृतात लपून राहतात आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतात. ते मुळातून काढायला प्रायमाक्विनसारखं वेगळं औषध लागतं, आणि ते देण्याआधी जीसिक्सपीडी या विकराची तपासणी करावी लागते.

टप्पा ४: घर आणि पैसा

पहिलं घर तात्पुरतं घ्या, पण एकाच ठिकाणी. तीन महिने इकडच्या नातेवाइकांकडे, दोन महिने तिकडच्या, ही सोय मोठ्यांना स्वस्त आणि मुलांना फार महाग पडते. नातेवाइकांच्या घरात मुलांना सतत नीट वागावं लागतं, आणि रडायला जागा नसते. लहान का असेना, दार लावता येईल असं स्वतःचं घर हवं.

तिथे घरकामाला माणूस असेल, आणि अनेक मिशनरी घरांत असतोच, तर इकडे पहिल्या आठवड्यातच कामांची वाटणी लिहून काढा. नाहीतर सगळा भार एकट्या बायकोवर पडतो, आणि तिचं कामही मागे सुटलेलं आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. मुलांना कपडे धुणं, बस पकडणं, फोनवर बोलणं, सुटे पैसे मोजणं या गोष्टी शिकवाव्या लागतील. पंधरा वर्षांच्या मुलाला हे येत नाही म्हणून हसू नका. तीन भाषांत घासाघीस करता येणाऱ्या त्या मुलाला रांगेतलं यंत्र कसं वापरायचं हे कोणी दाखवलेलंच नसतं.

दुकानातल्या भरमसाठ निवडीने गोंधळायला होतं. यादी करून जा, छोट्या दुकानात जा, आणि काही आठवडे थांबा; हे आपोआप ओसरतं.

पैशांच्या बाबतीत तीन गोष्टी लगेच करा: कर कोणत्या देशात किती भरायचा हे जाणकाराकडून समजून घेणं, आरोग्य विमा कोणत्या तारखेला सुरू होतो ते पाहणं, आणि निवृत्तिवेतनात बाहेरच्या वर्षांमुळे किती तूट पडली आहे ते विचारणं. शेवटचा आकडा ऐकवत नाही. तरी विचारा.

टप्पा ५: मुलं आणि शाळा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्यायचा.

पोलॉक अशा मुलांना 'छुपे स्थलांतरित' म्हणत. दिसायला ती वर्गातल्या इतरांसारखी, बोलणंही जवळपास तसंच, म्हणून त्यांना सगळं माहीत असेल असं प्रत्येकजण धरून चालतो. परदेशी मुलाने चूक केली तर शिक्षक समजावतात. हे मूल तीच चूक करतं तेव्हा ते मंद किंवा आगाऊ ठरतं. त्यामुळे पहिली पायरी शिक्षकांना भेटण्याची.

१. शाळा सुरू होण्याआधी निदान तीन-चार आठवडे पोहोचा. सहामाही मध्येच तोडून येणं शक्य तितकं टाळा. शालान्त परीक्षेला दोन वर्षं किंवा त्याहून कमी उरली असतील तर माझं स्पष्ट मत आहे की परतणंच पुढे ढकलावं, किंवा मुलाला तिथेच परीक्षा पूर्ण करू द्यावी. संस्थेच्या वेळापत्रकासाठी मुलाची दोन वर्षं मोडू नयेत.

२. वर्गशिक्षकांना एक पानाचं पत्र द्या. मूल कोणत्या भाषेत वाचतं, कोणत्या भाषेत हिशोब करतं, इतिहास-भूगोलात काय राहिलं आहे, आणि त्याला काय येतं. 'मिशनरीचं मूल आहे' एवढंच सांगून थांबू नका. त्यातून शिक्षक काहीही अर्थ काढू शकतात.

३. वर्गासमोर परदेशाबद्दल बोलायला लावायचं की नाही हे मुलाला ठरवू द्या. काहींना आवडतं. बऱ्याच जणांना पहिलं वर्ष कोणाच्या नजरेत न येता काढायचं असतं, आणि ते शहाणपणाचं आहे.

४. मागे राहिलेली भाषा बंद पडू देऊ नका. आठवड्यातून एकदा जुन्या मित्राशी फोन, त्या भाषेतली गाणी, घरातले तेच विनोद. पण रोज तासन्‌तास जुन्या मित्रांशीच बोलणं चालू असेल तर तेही बघा.

५. भावंडं वेगवेगळ्या वेगाने रुळतात. धाकटं मूल महिन्यात मिसळतं, मोठं वर्षभर दाराआड बसतं. दोघांची तुलना करू नका. जे मूल अगदी शांत, समजूतदार, मदतीला तत्पर आहे त्याच्याकडे जास्त लक्ष द्या. आईबाप थकले आहेत हे ओळखून ते स्वतःचं दुःख आवरून धरत असतं.

मुलं तिथे वसतिगृहात असतील तर आणखी एक गोष्ट. वर्षातून तीन महिने भेटणारं कुटुंब आता बाराही महिने एका छपराखाली राहणार असतं. वसतिगृहातल्या मुलाला स्वतःची वेळ, स्वतःचे निर्णय यांची सवय झालेली असते आणि आईबापांच्या डोक्यात मूल अजून दोन-तीन वर्षांनी लहान असतं. झोपण्याची वेळ, फोन, बाहेर जाणं, रविवारची उपासना यांबद्दलचे नियम पहिल्या महिन्यात एकत्र बसून ठरवा. वसतिगृहाच्या वर्षांबद्दल मुलाला काही कठीण सांगायचं असेल तर ते याच काळात, अर्धवट वाक्यात बाहेर येतं. तेव्हा संस्थेची किंवा स्वतःच्या निर्णयाची बाजू मांडू नका. तिथे कोणी त्याला इजा केली असं त्यातून दिसलं तर घरात मिटवायचं नाही. अधिकृत तक्रार करायची, मिशनची कितीही बदनामी होवो.

तपासा: तीन महिन्यांनी प्रत्येक मुलाबाबत विचारा: किमान एक मित्र आहे का? झोप लागते का? पूर्वी आवडणारी एखादी गोष्ट अजून करतं का? दोन उत्तरं नकारार्थी आली तर समुपदेशकाकडे जा. 'वेळ गेला की होईल' म्हणून आणखी सहा महिने घालवू नका.

टप्पा ६: मन मोकळं करणं

संस्था परतल्यावर मुलाखत घेते. त्यात कामाचा आढावा असतो: प्रकल्प, हिशेब, वारसदार. तो द्या, पण त्याला मनाचा आढावा समजू नका. ज्या माणसाच्या हातात तुमची पुढची नेमणूक किंवा शिफारसपत्र आहे, त्याच्यासमोर कोणी खरं बोलत नाही. म्हणून दुसरी, वेगळी बैठक मागा: संस्थेच्या अधिकारसाखळीबाहेरच्या, गोपनीयता पाळणाऱ्या अनुभवी व्यक्तीबरोबर. एका दुपारीत उरकणारी नको; निदान दोन-तीन दिवस हवेत. परतल्यावर लगेच नको, कारण तेव्हा सगळं छान वाटत असतं. मला सहा ते बारा आठवड्यांमधला काळ योग्य वाटतो. पहिला उत्साह ओसरून चिडचिड सुरू झालेली असते.

नवरा-बायकोची बैठक एकत्रही हवी आणि वेगवेगळीही. बहुतेक जोडप्यांत परतण्याची इच्छा एकाची जास्त आणि दुसऱ्याची कमी असते. तिथे एकाला पद होतं, दुसऱ्याला नव्हतं. किंवा तिथे तिला दवाखाना चालवता येत होता आणि इकडे मंडळीत तिला चहाची जबाबदारी मिळते. हे एकमेकांसमोर पहिल्यांदा बोलायला तिसरा माणूस लागतो. मुलांची बैठक मुलांसोबत काम करणाऱ्याकडून, चित्रं आणि खेळांतून.

इशारा: युद्ध, हल्ला, अपहरण किंवा अचानक देश सोडावा लागणं यातून आला असाल तर घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळं पुन्हा सांगायला लावण्याचा आग्रह मान्य करू नका. जागतिक आरोग्य संघटनाही तशा सक्तीच्या बैठकीची शिफारस करत नाही. आधी सुरक्षितता, झोप, जवळची माणसं. महिनाभरानंतरही दुःस्वप्नं, दचकणं, त्या विषयापासून पळणं चालू राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. प्रार्थना चालू ठेवा आणि उपचारही घ्या. एकामुळे दुसरं थांबत नाही.

टप्पा ७: मंडळीसमोर

आता सभा. पहिले दोन महिने एकही नको, हे निघण्याआधीच पत्राने कळवून टाका म्हणजे नंतर नकार देत बसावं लागत नाही.

१. 'कसं होतं तिकडे?' या प्रश्नाची तीन उत्तरं तयार ठेवा: दाराशी हात मिळवताना देण्याचं दोन वाक्यांचं, जेवणाच्या टेबलावरचं पाच मिनिटांचं, आणि खरोखर ऐकायचं आहे अशा दोन-तीन माणसांसाठी पूर्ण. चूक होते ती दाराशी तिसरं उत्तर सुरू करण्यात. विचारणाऱ्याचे डोळे भटकायला लागतात, आणि तुम्ही ठरवता की इथे कोणालाच काही पडलेलं नाही.

२. साक्ष देताना फसलेल्या कामाबद्दलही बोला. ज्या मंडळीने पैसे पाठवले तिला विहीर कोरडी निघाली हे कळण्याचा हक्क आहे.

३. मुलांना तिथला पोशाख घालून व्यासपीठावर उभं करणं, त्या भाषेत गाणं म्हणायला लावणं, हे त्यांना विचारल्याशिवाय नाही. विचारताना 'नाही' म्हणायची खरी मोकळीक हवी.

४. तिथल्या माणसांचे फोटो दाखवण्याआधी त्यांची परवानगी आहे का पाहा. ज्या देशात धर्मांतर धोक्याचं आहे तिथली नावं आणि चेहरे कुठेही नकोत, बंद गटातही नकोत.

५. मंडळी बदललेली असते. पाळक नवे, गाणी नवी, जुने मित्र कुठेतरी गेलेले. पहिले सहा महिने 'तिकडे लोक तीन तास चालत उपासनेला येत' हे वाक्य बोलू नका. खरं असलं तरी ऐकणाऱ्याला तो टोमणाच वाटतो.

टप्पा ८: पुढचं काम

घर विकत घेणं, नवी नेमणूक, सेवा सोडणं, पुन्हा परदेशी जाणं: यातलं काहीही पहिल्या सहा महिन्यांत कायमचं ठरवू नका. पोटासाठी काम लगेच लागणार असेल तर ठरावीक मुदतीचं घ्या. अर्ज लिहिताना 'सेवा केली' असं मोघम लिहून भागत नाही. किती जणांचा चमू सांभाळला, अंदाजपत्रक किती, कोणती भाषा कोणत्या पातळीपर्यंत, कोणत्या सरकारी खात्यांशी व्यवहार केला, हे मंडळीबाहेरच्या माणसाला कळेल अशा शब्दांत लिहा. मिशनच्या शब्दांशी ओळख नसलेल्या कोणाकडून तरी तो कागद वाचून घ्या.

वर्ष-दीड वर्षाने मोठ्या मुलांना एकदा तिथे भेटीला नेता आलं तर न्या. आधी नको, तेव्हा ती भेट म्हणजे परत जाण्याची आशा बनते. जाताना पुन्हा प्रवासी म्हणून तयारी करा. तिथे वाढलेली मुलंसुद्धा आता हिवतापाच्या गोळ्यांशिवाय जाऊ नयेत, कारण सतत संपर्कात राहून शरीराला जी थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असते ती बाहेर राहिल्यावर ओसरते. निघण्याच्या चार-सहा आठवडे आधी डॉक्टरांची वेळ घ्या, आणि टप्पा ३ मधलं ते एक पान सोबत न्या.